‘तुरा’ बँडमधला माझा आवाज

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. नाव अवघड आहे खरं. गेवराई तालुक्यात आल्यापासून ते नीट घेणारी माणसं मला फार थोडी भेटली. लग्नातले वऱ्हाडी मला ‘करंटची पेटी’ म्हणायचे आणि ते काही चूक नव्हतं. हार्मोनियमला भाता लागतो, मला वीज लागते. पट्टी दाबली की माझ्या पोटात विजेचा सूर तयार होतो. वरच्या खुंट्या फिरवल्या की तो हवा तसा जाड, बारीक किंवा लांबट होतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझी एकेक पट्टी दाबून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. पुढं मुंबईच्या एका दुकानातून रामेश्वरनं मला गेवराईत आणलं. रामेश्वरचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता आणि जोडीला ऑर्केस्ट्रा. पहिली काही वर्षं माझे लाड झाले. माझ्यावर मखमली कापड असायचं. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, आपट्याची पानं मिळायची. मी हळदीत वाजलो, वरातीत वाजलो, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना वाजलो. माझ्यातून सनई निघाली की लहान मुलं स्टेजच्या कडेला येऊन सनईवाला शोधायची.

मग रामेश्वरच्या गोदामाचा पत्रा गळायला लागला. पाणी माझ्या पोटात गेलं आणि आतलं काहीतरी कायमचं सैल पडलं. त्यानंतर माझा सूर थोडा उशिरा उठायचा, थरथरायचा आणि खाली घसरत घसरत विरायचा. एका लग्नात मंगलाष्टकांना माझ्यातून असा आवाज निघाला, की नवरीची आजी म्हणाली, हे कोण रडतंय. सगळा मांडव हसला. रामेश्वरनं सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर दोन थपडा मारल्या. पण थपडांनी मी सुधारलो नाही. त्यानं मला सतरंज्यांच्या ढिगाखाली टाकलं आणि नवा कीबोर्ड आणला. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं. जिवंत असताना आपल्याला आतून कुणीतरी कुरतडतंय, हे फार वाईट असतं, मित्रांनो. त्यात आपल्याला हलताही येत नाही.

मला तिथून बाहेर काढलं मंजुषानं.

मंजुषा तलवाड्याची. तिचे आईवडील दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर फिरली, मग शाळेसाठी हंगामी वसतिगृहात राहिली. तिथं एक फाटक्या भात्याची हार्मोनियम होती. संध्याकाळी बाकीची मुलं आईच्या आठवणीनं रडत बसली, की ती हार्मोनियम घेऊन कोपऱ्यात जायची. असं ती एकटीच शिकली. आता ती गेवराईच्या कॉलेजात होती आणि सुट्टीच्या दिवशी रामेश्वरकडं फुलांच्या माळा करायला यायची. एकदा सतरंज्या काढताना तिचा हात मला लागला. तिनं रामेश्वरला विचारलं, “काका, ही पेटी मी नेऊ का?”

“ने की,” रामेश्वर म्हणाला. “उंदरं धरून ने. ती नीट वाजली तर माझं नाव बदलून ठेव.”

होस्टेलवर तिनं मला उघडलं, जुन्या टूथब्रशनं माझी पट्टी न् पट्टी घासली आणि तुटलेल्या तारा एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जोडून घेतल्या. माझं थरथरणं मात्र तिनं दुरुस्त करून घेतलं नाही. त्या माणसानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, असंच राहू द्या. लहानपणी तोडीला जाताना ट्रकवर सामानाच्या गठड्यांवर ती झोपायची. डोळे अर्धवट मिटलेले असायचे आणि वाटेतल्या देवळाची घंटा, कुठल्यातरी घरातला रेडिओ, बकरीचं ओरडणं असं सगळं वाऱ्यातून हेलकावत कानात यायचं. मी तसाच वाजतो, असं तिनं आपल्या मैत्रिणीला सांगितलेलं मी ऐकलं. ज्या आवाजासाठी मी मार खाल्ला होता, तोच तिला हवा होता.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिनं मला वाजवलं. सुरुवातीला पुढच्या रांगेतली पोरं हसली, मग गप्प झाली. कार्यक्रम संपल्यावर रविराज स्टेजच्या मागं आला. उमापूरकडं त्याच्या वडिलांची मोठी शेती होती आणि ते पुढारी होते. रविराज पुण्यात शिकून, गिटार आणि लॅपटॉप घेऊन परत आला होता. त्याच्याबरोबर तेजश्री होती, बीडच्या एका डॉक्टरांची मुलगी. तिचा आवाज उसाशासारखा हलका होता. रविराज मंजुषाला म्हणाला, “असा आवाज आपल्याकडं कुणाकडंच नाही. तू आमच्यात ये.”

अशा रीतीनं आमचा बँड झाला. रविराजच्या शेतातल्या बंगल्यात वरच्या मजल्यावर आमची खोली होती. खिडकीतून ऊस दिसायचा. थंडीत उसाला तुरे आले, सगळं शेत चांदीसारखं हलायला लागलं आणि रविराजनं बँडचं नाव ‘तुरा’ ठेवलं. मंजुषानं त्याला सांगून पाहिलं, की तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो. रविराजला ते जास्तच आवडलं.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. लॅपटॉपमधून ठोका यायचा, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा सावकाश. त्यावर मी पसरायचो आणि माझ्यावरून तेजश्रीचा आवाज अनवाणी चालत जायचा. गाण्याचे शब्द मंजुषानं दिले होते. ‘माझ्या झोपेत गाव चाललं, गाव कुठं गं उतरलं?’ एवढंच ते धृपद होतं. हे कशाबद्दल आहे, असं तेजश्रीनं विचारलं. मंजुषानं ट्रकबद्दल सांगितलं. तेजश्री म्हणाली, किती क्यूट. चहा आला की त्या दोघांना कपबशी यायची आणि मंजुषाला स्टीलचा पेला. चहा आणणाऱ्या सटवाला तसं कुणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मंजुषानं ते पाहिलं होतं. पण ती पेला खाली ठेवून लगेच माझ्याकडं वळायची.

गाणं इंटरनेटवर गेलं. पुण्या-मुंबईची माणसं लिहायला लागली, की डोळे मिटून ऐकलं तर ढगातून चालल्यासारखं वाटतं, बीडसारख्या ठिकाणी हा आवाज आला कुठून. एका वाहिनीचा माणूस मुलाखत घ्यायला आला. त्यानंही हेच विचारलं. रविराज म्हणाला की हा आवाज त्यानं खूप प्रयोग करून घडवला आहे. मंजुषा त्याच्या मागं मला पुसत उभी होती. तिनं पुसायचं थांबवलं, मग पुन्हा पुसायला लागली.

पुण्याच्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. त्यानंतर रविराज तिच्याशी फार प्रेमानं बोलायला लागला. तो म्हणाला, ही पेटी जुनी आहे, कधी बंद पडेल नेम नाही. आपण तिचा एकेक सूर लॅपटॉपमध्ये भरून ठेवू, म्हणजे पेटी गेली तरी आवाज राहील. मंजुषाला भरून आलं. माझी काळजी करणारं आणखी कुणी आहे, असं तिला वाटलं. मग रोज दुपारी पंखा बंद करून, खिडक्या लावून ती माझी एकेक पट्टी दाबायची. आधी हलकी, मग मध्यम, मग जोरात. प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत ती श्वास धरून बसायची, म्हणजे तिचा श्वास त्यात जायला नको. घाम तिच्या हनुवटीवरून माझ्यावर पडायचा. ‘झालंच, थोडंच राहिलं,’ असं ती मला म्हणायची, पोरीची वेणी घालताना आई म्हणते तसं. शेवटची पट्टी झाल्यावर रविराजनं लॅपटॉपचं एक बटण दाबलं आणि स्पीकरमधून मी वाजलो. तीच थरथर, तेच घसरत जाणं. मंजुषानं टाळ्या वाजवल्या. आणि मलाही आनंद झाला, मित्रांनो. आता मी मरणार नाही, असं मला वाटलं.

पुण्याला जायचे दिवस जवळ आले. मंजुषानं कपड्यांचं विचारलं, तेव्हा रविराजनं तिला सांगितलं, की स्टेजवर तो आणि तेजश्री असे दोघंच राहणार आहेत. कपडे, दिवे, पोस्टर सगळं दोघांचं ठरलं आहे.

“मग माझी पेटी कोण वाजविणार?” मंजुषानं विचारलं.

रविराजनं लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. “सगळं यात आहे. तूच तर भरलंस.” मग तो पुढं म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नको. तू वाजवताना भाकरी थापल्यासारखी दिसतेस. पुण्यात तसं चालत नाही.”

तेजश्रीला हसू आलं. तिनं ते हातानं दाबलं आणि मग बराच वेळ ती आपल्या मोबाइलमध्ये बघत राहिली. मंजुषा मला उचलायला लागली. रविराज म्हणाला, पेटी राहू दे, व्हिडिओच्या शूटिंगला लागेल, तेव्हा तूही ये. ‘तूही ये’ हे ऐकल्यावर तिनं मला परत खाली ठेवलं.

पुण्याचा कार्यक्रम गाजला. परत आल्यावर वरच्या खोलीत पाहुण्यांची गर्दी असायची. मला जिन्याखाली खताच्या गोण्यांशेजारी ठेवलं होतं. वरून माझाच आवाज यायचा.

शूटिंग उमापूरच्या त्याच शेतात झालं. ऊस तुटून गेला होता आणि जमिनीवर वाळलेलं पाचट पसरलं होतं. फक्त मागच्या बाजूचा एक पट्टा तुऱ्यांसाठी मुद्दाम उभा ठेवला होता. व्हिडिओ करणारा अभिमन्यू पुण्याहून आला होता. तो फार गोड बोलायचा, सगळ्यांना ताई-दादा म्हणायचा. त्याच्या मनात एक चित्र होतं. उन्हं उतरताना, तुऱ्यांच्या पुढं, एक जुनं वाद्य शेतात एकटंच जळतं आहे. सटवानं मला खांद्यावर आणलं, पाचटाच्या ढिगावर ठेवलं आणि माझ्यावर डिझेल ओतलं.

टेंभा तेजश्रीच्या हातात द्यायचं ठरलं होतं. तिनं तो घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि परत दिला. तिला आगीची भीती वाटत होती, ड्रेसही भाड्यानं आणलेला होता. रविराजनं इकडंतिकडं पाहिलं. बांधावर मंजुषा सकाळपासून उभी होती. तिनं इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि केसांत गजरा माळला होता. अजून तिला कुणी हाक मारली नव्हती.

“तू पेटव,” रविराज तिला म्हणाला. “म्हणजे तू व्हिडिओत आलीसच. नाव टाकू तुझं.”

“खरंच पेटवायची?” ती म्हणाली. “दुसरी एखादी मोडकी पेटी न्हाई का कुठं?”

अभिमन्यूनं विचारलं, “पण ताई, हिच्यातला आवाज काढून घेतलाय ना?” त्याच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. त्याला खरोखरच अडचण कळत नव्हती.

मंजुषानं रविराजकडं पाहिलं. “मग फुडच्या कार्यक्रमाला मी राहीन का?”

“बघू की,” रविराज म्हणाला.

ती माझ्याजवळ आली. माझ्या पट्ट्यांवर शेतातली धूळ बसली होती. तिनं ओढणीच्या टोकानं ती पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रोज वाजवायच्या आधी पुसायची तशी. ओढणीला डिझेल लागलं. मग तिनं टेंभा लावला.

वारा उलटा होता. माझी डावी बाजू जळली आणि आग विझली. डाव्या बाजूचे माझे जाड सूर आधी गेले. अभिमन्यूनं कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाला, “पुन्हा एकदा घेऊ, ताई. या वेळी जरा बाजूला उभ्या राहा. चेहरा नको, फक्त हात.” सटवानं पुन्हा डिझेल ओतलं. तिनं पुन्हा टेंभा लावला. पहिल्या वेळी तिनं तोंड फिरवलं होतं, दुसऱ्या वेळी फिरवलं नाही. ते मला जास्त लागलं.

वातावरण यावं म्हणून त्यांनी स्पीकरवर गाणं लावलं होतं. माझ्या पट्ट्या मऊ पडून एकमेकींना चिकटत होत्या आणि बाजूला त्याच पट्ट्या स्पीकरमधून धडधाकट वाजत होत्या. माझ्या गळ्यातून कणभरही आवाज निघाला नाही, कारण मला वीज जोडलेली नव्हती. आम्हां यंत्रांना ओरडायलाही कुणीतरी बटण लावून द्यावं लागतं.

सगळं मनासारखं झालं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाडाखाली ज्वारीचा हुरडा भाजला होता. सगळे तिकडं गेले. मंजुषालाही कुणीतरी ओंजळभर हुरडा दिला. तो हातात तसाच धरून ती उभी राहिली. निघताना जीपमध्ये जागा नव्हती. फाट्यावर टमटम मिळेल, असं सटवानं तिला सांगितलं आणि ती चालत निघाली. माझ्याकडं तिनं वळून पाहिलं नाही. मला त्याचा राग नाही. तिनं पाहिलं असतं, तर काय पाहिलं असतं?

मी बांधावरच पडून राहिलो. प्लास्टिक गेलं, तारा गेल्या. उरला तो बुडाचा लोखंडी पत्रा आणि त्याला वितळून चिकटलेल्या दोन-तीन पट्ट्या. उन्हाळ्यात एकदा सटवा आणि दुसरा एक गडी माझ्याशेजारी बसून मोबाइलवर तो व्हिडिओ बघत होते.

“हा हात कुणाचा हाय बे?” गड्यानं विचारलं.

“असंल एखादीचा,” सटवा म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

शेवटी नावं आली. रविराजचं आलं, तेजश्रीचं आलं, अभिमन्यूचं आलं, जागा दिल्याबद्दल रविराजच्या वडिलांचे आभार आले. मंजुषाचं नाव नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाला तिला कुणी बोलावलंही नाही. सटवानं त्या गड्याला सांगितलं, की एक पोरगी मध्ये बंगल्याच्या फाटकापर्यंत आली होती. दादा घरी न्हाईत म्हणून सांग, असं रविराजदादांनीच खिडकीतून सांगितलं. तिनंही ते ऐकलं असणार, कारण ती लगेच मागं फिरली.

पावसाळ्यात खुरपणीला पिकअपमधून तलवाड्याच्या बाया आल्या. त्यांत अंजना होती, मंजुषाची आई. आम्ही गाणं करत होतो तेव्हा ती नवऱ्याबरोबर दूर तोडीवर होती. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. तिनं खुरप्याच्या मुठीनं माझ्यावरची जळकी खपली ठोकून काढली, पत्रा जाड आहे हे पाहिलं आणि गवताच्या भाऱ्यात घालून मला घरी नेलं. अंगणातल्या चुलीला वारा लागू नये म्हणून तिनं मला आडोशाला उभं केलं. तेच माझं आताचं काम आहे.

त्या घरात मंजुषा होती. बँडच्या महिन्यांत तिचं कॉलेज बुडालं होतं, प्रात्यक्षिकं चुकली होती, ती नापास झाली होती. होस्टेलची जागाही गेली. यंदा तीही आईवडिलांबरोबर तोडीला जाणार, असं घरात ठरत आलं आहे. पहिल्या दिवशी ती पाणी तापवायला चुलीशी आली आणि पत्र्याला चिकटलेल्या पट्ट्या तिला दिसल्या. ती खाली बसली. बराच वेळ तिनं बोटानं त्या पट्ट्या चाचपल्या. मग दगड घेऊन तिनं त्या एकेक करून ठोकून काढल्या आणि चुलीत टाकल्या. आई ओरडली, कसला वास येतो आहे म्हणून. मंजुषानं वर आणखी दोन लाकडं घातली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना पुसून ठेवा, पावसात टाकू नका, हे तुम्हांला घरीही सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. एखादं गाणं आवडलं, तर ते वाजवलं कुणी, हे जरूर विचारा. आणि तुमचा आवाज आम्ही जपून ठेवतो, असं कुणी फार प्रेमानं म्हणालं, तर शेवटची पट्टी दाबायच्या आधी थोडं थांबा.

काल सकाळी शेजारच्या घरातल्या कुणीतरी मोबाइलवर ते गाणं लावलं. अंजना चुलीवरचं पातेलं धरून थांबली. गाणं संपेपर्यंत तिनं ऐकलं.

“शब्द न्हाई समजले,” ती म्हणाली, “पर ते मागं रडल्यावाणी वाजतंय ना, ते लई गोड हाय. तू बी कालेजात पेटी वाजवायचीस की मंजे. असलं कावून न्हाई वाजवलंस कधी?”

मंजुषानं लाकूड आत सारलं.

“न्हाई जमलं मला, माय,” ती म्हणाली.